लेन्स दीड लाखाची, झाकण दीडशेचे

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात छायाचित्रण गटातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या व्यासपीठावर काल कीर्तन झाले, उद्या नाट्यप्रवेश आहेत. मधल्या दिवशी कॅमेऱ्याच्या झाकणांवर भाषण ठेवलेले पाहून काहींनी कार्यक्रमपत्रिका दोनदा वाचली असेल. कारण सांगतो. मंडळाने सभासदांच्या वर्गणीतून एक चांगली लेन्स घेतली. वार्षिक सभेत हिशेब वाचून झाला तेव्हा दोन प्रश्न आले. एका काकांनी विचारले, की दीड लाखाच्या वर मोजून लेन्स घेतली, तर तिच्या तोंडाला पुन्हा हा प्लास्टिकचा डबा कशाला? आणि मागच्या रांगेतून एका ताईंनी नेमके उलटे विचारले, की एवढी महाग लेन्स घेतलीत, मग तिला कुठल्या तरी कंपनीचे साडेतीनशेचे हूड लावून चिंधीगिरी कशाला करता? दोन्ही प्रश्न रास्त होते. खजिनदार म्हणाले, सभेत उत्तर नको, जेवणे थांबली आहेत. गणपतीत सविस्तर सांगा. म्हणून आम्ही आज उभे आहोत.

आधी लेन्सबद्दल थोडेसे. ती ७० ते २०० मिलिमीटरची, एफ २.८ ची आहे. म्हणजे ह्या सभागृहात शेवटच्या रांगेत उभे राहून रंगमंचावरच्या मुलाचा चेहरा टिपता येतो, आणि अंधुक उजेडातही फ्लॅश न मारता टिपता येतो. आपल्या इंदूरला तिचे खरे काम अनंत चतुर्दशीच्या रात्री असते. गिरण्या बंद पडून वर्षे लोटली, पण गिरण्यांच्या झांक्या अजून निघतात, रात्रभर दिव्यांनी लखलखत. ते टिपायचे तर काळोख आणि भगभगीत दिवे दोन्ही एकाच चौकटीत घ्यावे लागतात. आजच्या भाषणातले बरेचसे ह्या एका अडचणीभोवती फिरणार आहे.

तर आता मुद्दा. लेन्सबरोबर लागणाऱ्या वस्तू, म्हणजे हूड, झाकणे, फिल्टर, तिपाईवर बसवायचा पाय, कडी, पिशव्या, ह्या लेन्सच्या कंपनीच्याही मिळतात आणि इतरांच्याही. इतरांच्या वस्तूची किंमत पुष्कळदा तिसरा-चौथा हिस्सा असते. दुकानात गेलो की दुकानदार म्हणतो, ‘भैया, ओरिजिनल जैसा ही है.’ घरी येऊन कुणाला विचारले तर तो म्हणतो, ओरिजिनलच घ्यायचे, लेन्सचा सत्यानाश होईल. आम्ही ह्या दोघांचेही ऐकत नाही. आम्ही प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारतो: हिने दगा दिला तर काय जाईल? काहींनी दगा दिला तर तीच वस्तू जाते, बाकी काही नाही. काहींनी दगा दिला तर चित्र जाते. आणि काहींनी दगा दिला तर लेन्स जाते. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, ते ह्यावर ठरते. वस्तूवर कोणाचे नाव छापले आहे त्यावर नाही.

हूड पहिल्या प्रकारातले. काकांचा डबा तो हाच. लेन्सच्या आत वीसएक भिंगे असतात. समोरच्या काचेवर बाजूने, म्हणजे चौकटीच्या बाहेरच्या दिव्याचा प्रकाश पडला, तर तो आतल्या काचांवर इकडेतिकडे आपटत राहतो. चित्रात दिवा नसतोच, पण चित्र पांढरट पडते. काळे काळे राहत नाही. भर दुपारी हात कपाळावर आडवा धरून आपण लांबचे पाहतो, हूडचे काम तेवढेच. ते रंगपटातल्या रंगमंचावर लागते, उन्हात लागते, आणि झांकीच्या रात्री तर लागतेच, कारण तिथे डोक्यावर आणि दोन्ही बाजूंना हजारो बल्ब असतात.

दुसरे काम हूड न सांगता करते. गर्दीत धक्का लागला तर आधी ते आपटते. आपल्या लेन्सबरोबर कंपनीचे हूड आलेच होते. मागच्या चल समारोहात, राजवाड्याकडच्या रेटारेटीत, ढोलाच्या कडेशी टक्कर होऊन त्याची एक पाकळी तुटली. समोरच्या काचेला चरा नाही. कंपनीचे नवे हूड दोन हजारांच्या वर सांगितले. आम्ही साडेतीनशेचे आणले. ताईंना ज्या खर्चाची लाज वाटली तो हा. हूड हे पोकळ नळकांडे आहे. त्याच्यातून प्रकाश जात नाही, त्याच्या कडेने जातो. त्यात काच नाही, विजेचा संबंध नाही, वजन पेलायचे नाही. आकार बरोबर असला, आतून काळे मंद असले आणि घट्ट बसले, की त्याच्यावर कोणाचे नाव आहे हे प्रकाशाला कळत नाही.

पण ‘आकार बरोबर’ हे तपासावे लागते. पाकळ्यांचे हूड तसे कातरलेले असते कारण चौकट आडवी आयत असते. लांब पाकळ्या वर-खाली, आखूड पाकळ्या डाव्या-उजव्या बाजूला. ते जरा जरी फिरले तरी लांब पाकळी कोपऱ्यात शिरते आणि चित्राचे कोपरे काळे होतात. म्हणून स्वस्त हूड घेताना दुकानातच बसवून पाहावे. टक् असा आवाज येऊन ते अडकले पाहिजे, आणि नंतर बोटाने हलवले तर फिरता कामा नये. खुळखुळत असेल तर परत. मग लेन्स सर्वांत रुंद कोनावर ठेवून पांढऱ्या भिंतीचे फोटो काढावेत, एकदा छिद्र पूर्ण उघडे ठेवून, एकदा एफ ११ वर. तेच हूड काढून पुन्हा. चारही कोपरे एकमेकांशी ताडून पाहावेत. पाच मिनिटांचे काम. तिसरी गोष्ट, मोबाइलची बॅटरी लावून आत डोकवावे. चांगल्या हुडाच्या आत मखमल असते, नाहीतर बारीक चरे असतात. स्वस्तातले काही आतून बुटासारखे चकाकते. ते टाकून द्यायला नको. स्टेशनरीच्या दुकानात काळा मखमली कागद मिळतो, तो कापून आत चिकटवला की झाले. आमच्या साडेतीनशेच्या हूडला वीस रुपयांचा कागद लावलेला आहे. हिशेबात तो वेगळा दाखवला आहे.

ज्यांच्या घरी साधा कॅमेरा आणि त्याबरोबर आलेली छोटी लेन्स आहे त्यांनी हूड आहे का ते पाहावे. बहुधा नसेल. कॅननसारख्या कंपन्या आपल्या महाग मालिकेला हूड देतात, इतर बहुतेक लेन्सना देत नाहीत, ते वेगळे विकतात. अशांना तर बाहेरचे हूड हीच वाट आहे. एक सावधगिरी: काही जुन्या छोट्या लेन्सचे पुढचे तोंड फोकस करताना स्वतःभोवती फिरते. त्या तोंडाच्या आट्यांत पाकळ्यांचे हूड लावले तर पाकळ्याही फिरतील. तिथे गोल हूडच घ्यावे.

आणि रबरी हूड! शे-दीडशेला मिळणारी, घडी होणारी ही वस्तू फार कमी लोकांकडे दिसते. काचेच्या देव्हाऱ्यातली मूर्ती, संग्रहालयातल्या कपाटातली नाणी, ह्यांचे फोटो काढताना काचेत आपलेच पोट दिसते. रबरी हूड काचेला हलके टेकवून धरावे. बाजूचा प्रकाश बंद, प्रतिबिंब गायब. आम्हाला विचाराल तर ह्या सगळ्या बाजारात पैशाच्या मानाने हिच्याइतकी गुणी वस्तू दुसरी नाही.

झाकणांबद्दल फार बोलत नाही. पुढचे झाकण मध्यभागी चिमटीत धरता येणारे घ्या, म्हणजे हूड लावलेले असतानाही निघते. मागचे घट्ट बसते ना ते पाहा. दीडशे रुपयांत काम होते आणि हरवले तर हळहळ नाही. झाकण ही हरवण्यासाठीच जन्मलेली वस्तू आहे, रुमालासारखी.

आता फिल्टर. इथे मात्र आमचा सूर बदलतो.

लेन्स घेतली की दुकानदार लगेच एक गोल काच पुढे करतो. ‘यूव्ही लगा लो, लेन्स सेफ रहेगा.’ यूव्ही म्हणजे अतिनील किरण अडवणारा फिल्टर. फिल्मच्या काळात त्याला अर्थ होता. फिल्मला अतिनील किरण जाणवत, आणि पचमढीसारख्या ठिकाणी लांबचे डोंगर निळसर धुरकट यायचे. आजच्या कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे ते किरण अडवणारी काच आधीच बसवलेली असते. तेव्हा आज हा फिल्टर म्हणजे नुसते एक पारदर्शक झाकण उरले आहे. ते लावावे की नाही?

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. फिल्टरला दोन पृष्ठे, म्हणजे जवळजवळ ८ टक्के. चांगल्या काचेवर अनेक पातळ लेप दिलेले असतात, तिथे हे प्रमाण एका पृष्ठाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. नुसता ८ टक्के उजेड कमी होणे ही तक्रार नाही, ते डोळ्याला कळणारही नाही. तक्रार अशी, की परत फिरलेला प्रकाश जातो कुठे?

हे पाहण्यासाठी आम्ही एक प्रयोग केला. देवघरात समई लावली, पाचही वाती, खोलीतले सगळे दिवे मालवले. कॅमेरा तिपाईवर. समई चौकटीच्या वरच्या भागात येईल असे धरले. पहिला फोटो नुसत्या लेन्सने. दुसरा दोनशे रुपयांच्या, लेप नसलेल्या फिल्टरने. तिसरा चांगल्या, अनेक लेपांच्या फिल्टरने. पहिल्या फोटोत समई आणि काळोख. दुसऱ्यात चौकटीच्या खालच्या भागात, जिथे काहीच नव्हते तिथे, पाच फिकट हिरवट ज्योती, उलट्या लटकलेल्या. तिसऱ्यातही त्या होत्या, पण इतक्या पुसट की सांगितल्याशिवाय दिसू नयेत. छायाचित्रकार ह्याला भूतच म्हणतात. त्याचे कारण साधे आहे. सेन्सरवर पडलेल्या प्रकाशातला थोडा सेन्सरच्या चकचकीत पृष्ठावरून माघारी फिरतो, लेन्समधून बाहेर येतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत शिरतो. म्हणून चौकटीच्या मध्याच्या बरोबर समोरच्या बाजूला त्या दिव्याचा उलटा जुळा उमटतो. लेन्सची स्वतःची पुढची काच बहुधा गोलसर असते, त्यामुळे ती हा प्रकाश असा नेमका परत पाठवत नाही. सपाट फिल्टर पाठवतो.

आता झांकीचा विचार करा. पाच वाती नाहीत, पाच हजार बल्ब आहेत. किंवा आरतीचा विचार करा: निरांजनाचे तबक खाली आणि मूर्तीचा चेहरा वर, म्हणजे भूत नेमके कुठे बसणार? गजाननाच्या सोंडेवर. दीड लाखाच्या लेन्सपुढे दोनशेची काच लावली की चित्र दोनशेच्या काचेतून येते. आम्ही मंडळाच्या पेटीवर चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे: आरती, नाटक, झांकी ह्यांसाठी फिल्टर काढावा, हूड ठेवावे.

मग लेन्सचे रक्षण? समोरची काच आपण समजतो तितकी नाजूक नसते, जाड असते. पुढून आलेला धक्का हूड घेते. फिल्टरची पातळ काच फुटली तर तिच्याच कपच्या लेन्सला ओरखडे काढू शकतात. पण फिल्टर लावायलाच हवा असेही दिवस आहेत. आपल्याकडची रंगपंचमीची गेर! टँकरचे रंगीत पाणी, यंत्रांनी माड्यांच्या वर उडवलेला गुलाल. गुलालाची भुकटी लेन्सच्या काचेवर पडली आणि कुणी धोतराच्या सोग्याने किंवा ओढणीने पुसली, की संपले. फिल्टर मात्र काढून सरळ नळाखाली धुता येतो. लेन्स धुता येत नाही. शिवाय काही लेन्सच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेले असते, की धूळ-पाण्यापासून पूर्ण बचाव हवा तर पुढे फिल्टर लावा, त्याशिवाय पुढची बाजू बंद होत नाही. किनाऱ्यावर जाणाऱ्यांनीही, विशेषतः ज्यांचे नातेवाईक गोव्याला आहेत आणि दर सुट्टीत तिकडे जाणे होते त्यांनी, खाऱ्या तुषारांसाठी लावावा. तेव्हा फिल्टर पेटीत असावा, लेन्सवर कायमचा नसावा. आणि असावा तर लेपांचा.

लेप आहेत की नाहीत हे घरच्या ट्यूबलाइटखाली कळते. फिल्टर तिरपा धरून त्यात ट्यूबचे प्रतिबिंब पाहावे. साध्या काचेत ट्यूब पांढरीशुभ्र, आरशात दिसावी तशी दिसते. लेपांच्या काचेत ती मंद आणि हिरवट किंवा जांभळट दिसते. खोक्यावर ‘मल्टिकोटेड’ लिहिले आहे आणि ट्यूब पांढरी दिसते आहे, तर खोके खोटे बोलते आहे.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण तो आपल्या बाजारात रोज पुसला जातो. स्वस्त वेगळे आणि नकली वेगळे. एखादी कंपनी स्वतःच्या नावाने हूड बनवते आणि ‘अमुक लेन्सला बसते’ असे छापते, तो सरळ व्यवहार आहे. जेजेसी नावाची कंपनी असे पुष्कळ सामान विकते. परंतु होयासारख्या नामांकित कंपनीचे नाव छापून दोनशेची काच आठशेला विकणे ही फसवणूक. पहिल्या वस्तूला स्वतःचे नाव राखायचे असते, दुसरीला कोणाचेच नाही. नामांकित फिल्टर निम्म्या किमतीत मिळत असेल तर आनंद नको, शंका हवी. आम्ही स्वस्त माल बिनदिक्कत घेतो. नकली मालाला हात लावत नाही.

ध्रुवकारक, म्हणजे पोलरायझर, हा एक फिल्टर असा आहे की त्याचे काम नंतर संगणकावर करता येत नाही. महेश्वरच्या घाटावर नर्मदेच्या पाण्यावरची चकाकी तो काढतो आणि पायरीचा पाण्याखालचा दगड दिसू लागतो. झाडांच्या पानांवरची चमक जाते, हिरवा रंग येतो. आकाश गडद होते, सूर्यापासून काटकोनात पाहिले तर सर्वांत जास्त. धातूवरची चमक मात्र तो काढू शकत नाही. तेव्हा पितळी घंटेपुढे लावून उपयोग नाही. उजेडही दीड ते दोन स्टॉप खातो, म्हणून संध्याकाळी काढून ठेवावा. ह्यात फार स्वस्त घेतले तर रंगाला पिवळट किंवा हिरवट झाक येते, आणि लांब पल्ल्याच्या लेन्सवर तीक्ष्णताही जाते. रुंद लेन्सवर न दिसणारा काचेचा दोष २०० मिलिमीटरवर उघडा पडतो. तपासायला भिंतीवर वर्तमानपत्राचे छोट्या जाहिरातींचे पान लावावे, कॅमेरा तिपाईवर, फोटो फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय; मोठे करून अक्षरे वाचावीत. तो खरोखर ध्रुवकारक आहे का हे पाहायला लॅपटॉपचा पडदा पुरतो: फिल्टरची पुढची बाजू पडद्याकडे करून मागून पाहत फिरवावा, बहुतेक पडदे एका कोनाला काळे होतात. नुसती राखाडी काच असेल तर कितीही फिरवा, काही होणार नाही.

फिल्टर तीन-चार आकारांचे घेत बसू नये. आपल्या लेन्सचे तोंड ७७ मिलिमीटरचे आहे. इतरांच्या लेन्स ५२, ५८, ६७ च्या. एकच चांगला ७७ चा फिल्टर घ्यावा आणि लहान लेन्सना तो बसवण्यासाठी कडी घ्यावीत, शंभर-दोनशेची. कड्यात काच नाही, तेव्हा बाहेरचे कडे घ्यायला हरकत नाही. पितळी मिळाले तर उत्तम. अॅल्युमिनियमचे कडे अॅल्युमिनियमच्या आट्यांत घट्ट अडकून बसते. अडकलेच तर पक्कड मारू नका. दाबाने कडे लंबगोल होते आणि आणखी रुतते. जाड रबर गुंडाळून, किंवा स्वच्छ रबरी चपलेच्या तळावर तोंड हलके टेकवून सगळीकडून सारख्या दाबाने फिरवले की सुटते. देवाच्या कार्यक्रमात चपलेचा उल्लेख झाला, क्षमा असावी, पण उपाय रामबाण आहे. एवढे खरे की कडे लावले की त्या लेन्सचे स्वतःचे हूड बसत नाही.

आता तिसरा प्रकार. इथे आम्ही कंजुषी करत नाही आणि तुम्हीही करू नये.

आपली लेन्स दीड किलोच्या आसपास आहे, कॅमेरा धरून अडीच किलो. हे वजन तिपाईवर लेन्सच्या पायावर तोललेले असते. पायाखाली पट्टी, पट्टी तिपाईच्या शिकंज्यात. सगळे वजन एका पाव इंची स्क्रूवर आणि एका खाचेवर. ती खाच आर्का-स्विस नावाच्या कंपनीने रूढ केली. पट्टीची रुंदी साधारण ३८ मिलिमीटर. पुढे सगळ्यांनीच तशा पट्ट्या बनवायला सुरुवात केली, पण सर्वांनी मिळून मापे ठरवून लिहून काढली असे कधी झाले नाही. त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्याच्या शिकंज्यात केसभर सैल पडते. स्क्रूने आवळायचा शिकंजा असेल तर तो जुळवून घेतो. खटकन बंद होणाऱ्या दांडीचा असेल तर तो बंद झाल्यासारखा वाटतो आणि पट्टी सरकते. मंडपात, लहान मुले तिपाईभोवती पळत असताना, हे सरकणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

म्हणून पट्टी आणि शिकंजा आम्ही एकाच कंपनीचे घेतले, स्क्रूने आवळायचे. पट्टीच्या दोन्ही टोकांना अटकावाचे छोटे स्क्रू असतात. ते काढून ठेवायचे नाहीत. काही लेन्सना पायाचे गोल कडे वेगळे विकत घ्यावे लागते आणि ते महाग असते, म्हणून त्याची स्वस्त नक्कल लोक आणतात. नक्कल वाईटच असते असे नाही, पण तिला पहिल्या दिवशी तिपाईवर उंच चढवू नका. घरी गोधडी चौपदरी घालून, तिच्यावर वीतभर उंचीवर लेन्स आडवी, तिरकी, उलटी धरून पाहा. कडे आवळूनही लेन्स आत फिरत असेल, किंवा बिजागरी वाकडी बसत असेल, तर ते कडे भंगारात द्या, दुसऱ्या कोणाला देऊ नका. गळ्यातल्या पट्ट्याच्या कड्या, हूक, ह्यांनाही हाच न्याय. पट्टा सुंदर विणलेला असतो आणि टोकाची कडी पत्र्याची असते.

लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसणाऱ्या वस्तूही ह्याच पंगतीतल्या. रांगोळीचे ठिपके, मोदकाच्या पाकळ्या, नथीतला मोती जवळून टिपायला पोकळ नळ्या मिळतात. त्यात काच नसते, म्हणून चित्राच्या दर्जाच्या दृष्टीने बाहेरच्या चालतात, आम्ही वापरतो. पण सांधा धातूचा हवा आणि आतल्या विजेच्या टाचण्या जुळलेल्या हव्यात. टाचण्या नसलेली नळी अगदी स्वस्त मिळते; पण ज्या लेन्सचे छिद्र विजेवर चालते तिचे छिद्र मग आपल्या हाती राहत नाही. आणि प्लास्टिकचा सांधा अडीच किलोखाली वाकतो. लेन्सचा पल्ला वाढवणारा टेलिकन्व्हर्टर हे तर सरळ भिंगांचे काम, १.४ पट वाढवला की एक स्टॉप जातो, दुप्पट केला की दोन. तो घ्यायचा तर लेन्सच्या कंपनीचाच, नाहीतर नको.

शेवटी एका गोष्टीसाठी थोडा वेळ मागतो, कारण ह्या सभागृहातल्या बऱ्याच घरांत आजोबांचा कॅमेरा आहे. लाला दीनदयाळ इंदूरला नोकरीत असतानाच कॅमेऱ्याकडे वळले आणि पुढे हैदराबादला निजामाचे छायाचित्रकार झाले. ह्या गावाला फोटोची हौस तेव्हापासूनची म्हणायला हरकत नाही. आपल्याकडच्या त्या जुन्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळसे कातड्याच्या सुंदर पेटीत, कपाटात वरच्या खणात आहेत. ती पेटीच त्यांचा घात करते. कातडे ओल धरते, आणि पावसाळ्यात भिंगांवर बुरशीचे जाळे चढते, पांढऱ्या तंतूंचे, खिडकीवरच्या कोळिष्टकासारखे. ती बुरशी भिंगावरचा लेप खाते. साफ केले तरी खूण राहते. महाग लेन्सलाही ती तितकीच प्रेमाने लागते.

त्यावरचा उपाय सगळ्यांत स्वस्त आहे. रबरी कडेचे हवाबंद प्लास्टिकचे खोके, धान्याच्या डब्यासारखे. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ, दोन-तीनशेचे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. फार कोरडेही नको. जेल निळे असते ते ओल पिऊन गुलाबी होते, केशरी असते ते हिरवट होते. तापवले की पुन्हा कामाला लागते. निळ्यात कोबाल्टचे क्षार असतात, तेव्हा ते स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नका, जुनी वेगळी ताटली ठेवा. शक्यतो केशरीच आणा. मंडळाच्या लेन्सचे खोके कार्यालयातल्या कपाटात खालच्या खणात आहे, घड्याळासकट. दर रविवारी आमच्यातला कोणीतरी काटा पाहून वहीत लिहितो. वही खोक्याशेजारीच आहे, कोणीही पाहावी.

एवढ्यावर थांबतो. काका आणि ताई दोघेही समोर आहेत, त्यांनी अजून काही विचारायचे असेल तर विचारावे. आणि ज्यांच्या पिशवीत, पर्समध्ये कॅमेरा असेल त्यांनी प्रसादाला जाण्याआधी डाव्या बाजूच्या टेबलाशी यावे. तिथली ट्यूबलाइट चालू ठेवली आहे. तुमचा फिल्टर तिच्याखाली धरून पाहू.